चिखल नसलेलं तळं

प्रिय स्नेहल,

तुला फोनवर माझ्या नावाखाली 'टायपिंग' दिसत असेल आणि नंतर काहीच येत नसेल. ते मीच गं. लिहितो, वाचतो, पुसतो. म्हणून शेवटी आज चौकच्या दुकानातून फुलस्केप कागद आणले. कागदावर खोडलं तरी खोडलेलं दिसतं, पळायला जागा राहत नाही. अक्षराला हसू नकोस. दहावीच्या पेपरात 'मित्रास सहलीचे वर्णन करणारे पत्र लिहा' असा प्रश्न आला होता, आठवतो? मी तो सोडून दिला. म्हटलं, मित्र तर पुढच्याच बाकावर बसलाय, त्याला कशाला पत्र लिहू. पेपर सुटल्यावर तू दोघांना विचारलंस काय काय लिहिलं, तर तुझा भाऊ म्हणतो, "या येड्यानं मार्क सोडले. मी पान भरलं. म्हाबळेश्वरला गेलो म्हनून लिवलं." महाबळेश्वर पबूनं कधी बघितलं नव्हतं. शेवटपर्यंत नाहीच बघितलं.

मी चौकला आहे, जुन्या हायवेवर, जगदीशच्या टायरच्या दुकानात. जगदीश म्हणजे आम्ही गोल्फवर कामाला होतो तेव्हा आमच्या सायकलींचं पंक्चर फुकट काढायचा तो. आता दुकान मोठं झालंय. मागे पत्र्याची खोली आहे, तिथे मी झोपतो. दिवसभर ट्रक येतात. जॅक लावायचा, नट सोडायचे, रिंगमधून टायर सोडवायचा, ते सगळं मी करतो. फक्त ट्यूब पाण्याच्या टबात दाबून बुडबुडा कुठून येतो ते बघायचं काम करत नाही. ट्यूब दाबली की ती वर यायला बघते, आपण खाली दाबतो, मग एका बाजूनं बुडबुडे. नको वाटतं. जगदीशनं एकदा विचारलं, "काय रं चंदर, पान्याला भितोस काय?" मी म्हटलं, हात फुटतात. तो म्हणाला, "हो, लय नाजूक हात तुझं, राजाचं." इथे एक लंगडी कुत्री आहे, तिला पिल्लं झालीत, ती सगळी जुन्या टायरांच्या आत राहतात. दुपारी टायर तापला की एकेक बाहेर येतं, संध्याकाळी परत आत. ते बघत बसलो की माझा वेळ जातो. बघ, पत्र लिहायला बसलो आणि कुत्र्यांवर आलो.

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. एकदा नाही, पुष्कळदा. तू सावकाश बोलत होतीस, शाळेतल्या बाईंसारखी. पेटी आली ती ऐन लावणीत, तिच्यावर 'उघडू नये' असा कागद होता, बरोबर आलेल्या माणसानं हात जोडून सांगितलं की उघडू नका, पुष्कळ दिवस झालेत, आणि तशीच पेटी सरणावर ठेवावी लागली. आता वर्ष होत आलं. भन्तेजी दोनदा घरी येऊन गेले, पण पबूच्या नावानं पाणी ओतायचा जलदान विधी होऊ शकला नाही, कारण काकी फोटोला हार घालू देत नाही. बुद्ध पौर्णिमेच्या आत व्हावं असं तुझ्या मनात आहे. हे सगळं तू सांगत होतीस आणि मागून काकीचा आवाज येत होता, भांड्यांच्या आवाजात मिसळलेला: "इचार त्याला, पेटीत कोन व्हता? कुनी त्वांड बगितलं? भरल्या नदीत उडी टाकनारा माजा पोरगा, त्यो वाळवंटात बुडल व्हय? चंदर व्हता ना संगं? त्यानं माज्यासमोर येऊन सांगावं. मंग करा तुमचं जलदान." तू मेसेज तिथेच बंद केलास.

तर काकीनं माझं नाव घेतलंय. दुसरं कुणी सांगून चालणार नाही.

मी परत आलोय हे तुला कुणीतरी सांगितलं असणारच. थंडी संपता संपता आलो. आधी नाशिकला एका ढाब्यावर राहिलो, मग एका मांडववाल्याबरोबर गोव्याला गेलो, मग इथे. याचं बूड एका जागी टिकत नाही असं काकी म्हणायची, ते खरंच आहे, पण या वेळी मी फिरत नव्हतो, मी लांबवत होतो. मध्ये एकदा नेरळला उतरलो होतो. कळंबच्या टमटममध्ये बसलो. पोशीर आलं, ड्रायव्हरनं मान वळवून विचारलं, "पोशीरला कोन उतरनार हाय?" मी वाकून चप्पल नीट करत राहिलो. कळंबपर्यंत गेलो, तिथे भजी खाल्ली, त्याच गाडीनं परत. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा काकी अंगणात दिसली. कपाळावर हात धरून गाडीकडे बघत होती. मी ड्रायव्हरच्या पाठीमागे तोंड लपवलं. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे ती अशी बघते का गं?

तिचं ते बघणं मला लहानपणापासून माहीत आहे. माझी आई गेली, बाबा दहिवलीला आत्याकडे राहायला गेले, मी नाही गेलो, तुमच्याच घरी जेवत राहिलो. कुणी मला ठेवूनही घेतलं नाही आणि जा म्हणूनही सांगितलं नाही. शाळेतनं, नदीवरनं, कुठूनही यायचं तर आम्ही दोघं. कधी मी पुढे निघून एकटा दारात पोचलो तर काकी माझ्याकडे बघायचीच नाही. माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघायची आणि म्हणायची, "आन् त्यो रं?" मग मागून पबू यायचा, चप्पल भिरकावत, आणि मग ती वाढायला घ्यायची. दोघांना एकाच परातीत. माझ्या बाजूला जरा जास्त भात लोटायची, पबूच्या लक्षात यायचं, तो आपला जेवत राहायचा.

खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी ते गोल्फचं मैदान. सुट्टीत आम्ही चौकला तुमच्या मावशीकडे राहायचो ते त्याच्यासाठीच. तुम्हाला घरी सांगितलं होतं की साहेबांच्या पिशव्या उचलतो. ते काम नंतरचं. आधी आम्ही तळ्यातले बॉल काढायचो. खेळणाऱ्याचा बॉल पाण्यात गेला की तो दुसरा काढून पुढे जातो, आणि पाण्यातला आमचा. तळं गढूळ, डोळे उघडून काही दिसायचं नाही. सगळं पायानं. चिखलात पाय फिरवायचा, बोटाखाली आलं ते फिरलं तर बॉल, नाही फिरलं तर दगड. पबूच्या पायाला डोळे होते. छातीभर पाण्यात उभा राहून गप्पा मारायचा आणि मध्येच बुडी मारून पांढरा बॉल घेऊन वर यायचा, नाकातोंडाला चिखल. ते बॉल गेटवर विकून वह्या घेतल्या, तुझ्या शाळेचे बूट घेतले. तेव्हापासून एक सवय लागली ती लागलीच: पाण्यात गेलेला बॉल सोडायचा नाही. खेळ राहिला तरी चालेल. भाकरीचा तुकडा खाली पडला तर आपण उचलतो ना, तसं.

खेळायला तो कुणाकडून शिकला नाही. विटीदांडूवरनंच आलं सगळं. तुला आठवत असेल, तूच मारलेली विटी त्याच्या भुवईवर बसली होती आणि केवढी खोक पडली होती. काकीनं हळद दाबली, तू माळ्यावर जाऊन लपलीस, आणि तो खालनं ओरडत होता, "स्नेहले, मस्त लागली गं, परत मार." ती खूण लक्षात ठेव. पुढे लागेल.

आखातात जायचं त्याच्याच डोक्यात आलं. मैदानावरच्या मुकादमाची ओळख होती, तिकडे वाळवंटात एक मोठं रिसॉर्ट, त्याच्या गोल्फला गवताची कामं येणारी माणसं हवी होती. मी म्हटलं, वाळवंटात गवत? पबू म्हणाला, "म्हनून तर मानसं पायजेत ना रं."

ते मैदान तुला कसं सांगू. बसमधून जाताना नुसती वाळू. पिवळी, मग लाल, मग परत पिवळी. मला झोप लागली. पबूनं कोपर मारलं तेव्हा जागा झालो आणि समोर हिरवं. इतकं हिरवं की डोळे दुखले. तो म्हणाला, "आयला, आवण टाकलंय कुनीतरी." खरंच तोच रंग, लावणीच्या आधी भाताची रोपं दाट उभी असतात तो. पण आवणात बेडूक असतात, खेकडे असतात, बगळा असतो. तिथे काही हलत नव्हतं, फक्त पाण्याचे फवारे. हिरव्याची कड ब्लेडनं कापल्यासारखी, एक पाऊल पलीकडे टाकलं की वाळवंट सुरू. गवत खारं पाणी सोसणारं. पाणी शहराच्या संडासांचं, साफ करून आणलेलं, ठिकठिकाणी 'पिऊ नये' अशा पाट्या. आणि सगळ्यात मोठी गंमत, खेळात अडथळा म्हणून जे वाळूचे खड्डे करतात ना, त्यातली पांढरी वाळू जहाजानं बाहेरून येते. तिथली वाळू फार बारीक, चालत नाही म्हणे. पबूनं हे घरी फोन करून सांगितलं, "आये, हितं वाळवंटात वाळू इकत आनत्यात!" आणि काकी म्हणाली, "मस्करी नको करू, जेवलास का?"

नीटनेटकेपणा म्हणजे किती. खजुराचं एक पान पडलं तर उचलायला माणूस. वाळूत पाऊल उमटलं की लगेच दाताळं फिरवायचं. पाइपचा तुकडा, दोरी, काठी, फडकं, काही म्हणजे काही नजरेला पडता कामा नये, सगळं टेकाडामागच्या शेडमध्ये, कुलपात. पाहुण्याला वाटलं पाहिजे की हे असंच उगवलंय. मी पाण्याच्या पाइपांवर होतो. पबूला भोकं बदलायचं काम. बॉल ज्यात पडतो ते भोक रोज नव्या जागी पाडतात, नाहीतर एकाच ठिकाणी पायांनी गवत मरतं. पहाटे एक गोल अवजार घेऊन निघायचं, नव्या जागी दाबून मातीसकट गवताचा गोळा काढायचा आणि तोच गोळा कालच्या भोकात बसवायचा. वरनं पायानं हळू दाबायचं, पाणी मारायचं. झालं. पबू इतका सफाईनं बसवायचा की मला शोधूनही कालची जागा सापडायची नाही. म्हणायचा, "चंद्या, ही चांगली सोय हाय बग. रोज नवा खड्डा, जुना बुजला की कुनाला पत्ता नाय."

हे वाक्य मला नको होतं लिहायला. राहू दे आता.

वर्षातून एक दिवस कामगारांना खेळायला मिळतं. उन्हाळ्यात पाहुणे नसतात, गवताच्या दुरुस्तीसाठी मैदान बंद ठेवतात, त्याच्या आदल्या दिवशी. बॉल मारायचे जुने दांडे देतात, बॉलची टोपली ठेवतात, दुपारी बिर्याणी. आमच्या गटात मी, पबू, माझ्याबरोबर पाइपवर असणारा एक नेपाळी आणि आमचा फोरमन, केरळचा माणूस. उजाडताच सुरुवात केली, कारण नंतर ऊन चामडी सोलतं. रोज ज्या गवतावर आपण वाकून चालतो त्याच्यावर ताठ उभं राहायचं म्हणजे काय, तुला कळणार नाही. पहिल्या भोकापुरते मी बूट काढून ठेवले. फोरमन म्हणाला, "अरे मंदिर है क्या?" पबू म्हणाला, "त्याला थंड लागतंय का ते बगायचंय." आणि खरंच थंड होतं, आपल्या मातीच्या ओट्यासारखं.

स्नेहल, त्या सकाळी तो जसा खेळला ना. आमचे बॉल इकडेतिकडे, नेपाळ्याचा तर एक वाळवंटात इतका लांब गेला की तो सलाम करून मोकळा झाला. पण पबू दांडा मागे न्यायचा, जरा थांबायचा, विटी मारायच्या आधी थांबायचा तसाच, आणि मग नुसता एक आवाज. बॉल वर जायचा, वाळवंटाच्या रंगात दिसेनासा व्हायचा आणि मग लांबवर हिरव्यावर पांढरा ठिपका. पहाटे भोकं त्यानंच पाडली होती. सगळी सोप्या जागी, खोलगट ठिकाणी, म्हणजे बॉल आपोआप घरंगळत आत. "सायबांना टेकाडावर देतो, आज आपली मानसं खेळनार हाईत," म्हणाला. एका ठिकाणी बाजूच्या वाळूत पांढरी, शिंगवाली हरणं उभी होती, त्यानं त्यांना वाट दिली, "जा बाबांनो आधी, तुमचं रान हाय." खूप दिवसांनी मी एवढा हसलो. शेवटच्या भोकाला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलं होतं, आमचे टी-शर्ट भिजून वाळून मिठानं कडक झाले होते, आणि फोरमन म्हणत होता की कामगारांमध्ये एवढ्या कमी फटक्यांत कुणी संपवलेलं त्यानं पाहिलं नाही. पबूला फक्त एक नीट फटका हवा होता.

शेवटचं भोक तळ्याच्या काठाला. बॉल तळ्यावरून पलीकडे मारायचा. त्याचा जरा कमी पडला. पलीकडच्या काठावर टप्पा घेतला आणि हळूच मागे घरंगळत पाण्यात. पाणी स्वच्छ, वळसा घालून पलीकडे गेलो तर वरून बॉल दिसत होता, काठापासून हातभर आत. फोरमन म्हणाला, "छोड़ ना, दूसरा ले ले." टोपलीत ढीग होता. पबूनं ऐकलंच नाही. बूट काढले, जोडीनं नीट ठेवले, पॅन्ट गुडघ्यापर्यंत वळली. "थांबा रं, आलोच."

ते तळं आपल्यासारखं नाही. वाळूत पाणी मुरू नये म्हणून तळापासून काठापर्यंत काळं जाड प्लॅस्टिक अंथरलेलं आहे, ताडपत्रीसारखं, उतरतं. उन्हाळ्यात पाणी उपसून तळं खाली गेलेलं, त्यामुळे गवत आणि पाण्याच्या मध्ये मोठा काळा पट्टा उघडा. कोरड्यावर तो नीट चालत गेला. ओल्यावर पाय ठेवला आणि घसरला. पाण्याखाली त्या प्लॅस्टिकवर शेवाळ, तेलासारखं. बसल्या बसल्या घसरत खोल पाण्यात गेला आणि वर आला तो हसत. आम्हीही हसलो. का नाही हसणार? उल्हास नदी पुरात पोहून जाणारा माणूस, समोर चार हातांवर काठ. पोहत आला, हात टेकला, हात सुटला. "आयला, शेवाळ हाय," म्हणाला. दुसरीकडे गेला, तिथेही तेच. सगळीकडे तेच गं. नदीला मूळ असतं, दगड असतो, चिखलात बोटं रुततात. तिथे धरायला काहीच नव्हतं. नेपाळी हसायचा थांबला तेव्हा मीपण थांबलो.

भोकात खुणेसाठी लावलेला झेंडा उपटून आणला. नेपाळ्यानं माझा पट्टा धरला, मी काळ्यावर पालथा पडलो, झेंड्याचा दांडा पुढे केला. पबूनं धरला. पण तो गुळगुळीत, बोटाएवढा जाड, ओल्या हातात राहीना. वाळूच्या खड्ड्यातलं दाताळं आणलं, त्याचं प्लॅस्टिकचं तोंड निघून त्याच्या हातात गेलं, दांडा माझ्या हातात राहिला. टी-शर्ट एकमेकांना बांधले, ओढले की ते नुसते ताणत जायचे, मग गाठ सुटायची. फोरमन दोरीसाठी शेडकडे पळाला, टेकाडामागे. मी इकडेतिकडे बघत होतो, काहीतरी असेल, बांबू, फांदी, वायर, काहीही. पोशीरच्या नदीकाठी काय पडलेलं नसतं? फाटकी साडी, म्हशीचं दावं, पंपाचा पाइप. तिथे काही म्हणजे काही पडलेलं नव्हतं. आम्हीच उचललं होतं सगळं. रोज.

मी पोहतो, तुला माहीत आहे. मी बूट काढून उतरायला निघालो. तेव्हा तो ओरडला, "तू येऊ नगंस चंद्या! दोघं अडकू!" नेपाळ्यानं माझा पट्टा सोडला नाही. मग पबू जरा वेळ उताणा तरंगत राहिला, दम घ्यायला. सकाळपासून उन्हात खेळलेला, पोटरीला गोळा आला म्हणाला. पाय खाली सोडून बघितले त्यानं, मला कळलं तो काय शोधतोय. आणि अगदी साध्या आवाजात, आपण घरात बोलतो तसं, म्हणाला, "खाली चिखलच नाय रं." त्यानंतर बोलला नाही.

दोरी आली ती मीच कमरेला बांधली आणि उतरलो. मीच त्याला वर आणला. म्हणून काकीला सांग, पेटीत कोण होतं ते मला माहीत आहे. दवाखान्यात तोंडावरचं कापड माझ्यासमोर काढलं. भुवईवर तुझ्या विटीची खूण होती. चेहऱ्याला काही झालं नव्हतं, केस ओले होते, नदीवरून आल्यावर असायचे तसेच. तिथल्या माणसानं मला थोडा वेळ आत थांबू दिलं. मी हात जोडून त्रिशरण म्हटलं. पंचशील म्हणताना मध्येच अडकलो, मला ते कधी सलग आलं नाही, विहारात पबू पुढे म्हणायचा आणि मी त्याच्या मागे. परत पहिल्यापासून सुरू केलं. दुसऱ्यांदा पूर्ण झालं. त्याचा हात धरला होता. तो एकटा नव्हता, एवढं तिला नक्की सांग.

मी पेटीबरोबर येऊ शकलो नाही, करार पुरा होईपर्यंत पासपोर्ट कंपनीकडे होता. दुरुस्ती संपून मैदान उघडलं तेव्हा मला पबूचं काम दिलं. भोकं बदलायचं. पहिल्या सकाळी शेवटच्या भोकापाशी आलो तर त्यानंच पाडलेलं भोक तसंच होतं, कडसुद्धा ढळलेली नाही. मी बराच वेळ उभा राहिलो. मग बाजूला नवं पाडलं आणि तो गोळा त्याच्या भोकात बसवला, पायानं हळू दाबला, पाणी मारलं. रोज जाताना त्या जागेकडे बघायचो. थोड्या दिवसांनी मला जागा सापडेना. वाकून, हात फिरवून शोधली, पाहुणे थांबून बघायला लागले. नाही सापडली. आता त्या तळ्यात काठाला दोरीच्या जाळ्या सोडल्यात, त्यासुद्धा काळ्या, म्हणजे लांबून दिसत नाहीत.

आता हे कागदावर का लिहिलं ते सांगतो. काकीसमोर बसून हे सगळं बोलायला मी भीत नाही. ती रडेल, मला मारेल, मारू दे. मला भीती आहे ती त्याच्या आधीच्या क्षणाची. मी तुमच्या दारात उभा राहीन, आणि तिनं तोंडानं काहीही म्हटलं तरी, पेटी जळताना बघितली असली तरी, ती माझ्याकडे बघणार नाही. माझ्या खांद्यावरून मागे रस्त्याकडे बघेल. आणि मागे रस्ता मोकळा असेल. त्या दिवशी टमटममधून मी उतरलो नाही तो एवढ्यासाठीच. ते एक बघणं मला सोसणार नाही गं, आणि तिलाही नाही. म्हणून हे पत्र आधी येतंय, मी नंतर. तिला जवळ बसव आणि सगळं वाचून दाखव, हसलो ते, चिखल नव्हता ते, खूण, सगळं. गाळू नकोस. मग तिला फोटोला हार घालू दे, आणि मला फक्त 'ये' एवढं टाइप कर. जलदानाचं पाणी मी धरीन. पोशीरच्या फाट्यावर उतरून मी चालत येईन, म्हणजे ती मला लांबूनच बघेल. एकटा येतोय हे तिला आधीच ठाऊक असेल, आणि मग कदाचित ती माझ्याकडेच बघेल.

तुझाच,
चंदर